साक्षीदाराचा रकाना

जुलैत बर्फ वितळला, की डोंगरातल्या तळ्याकाठी मी आणि हॅटी दोघंच लग्न करणार, असं ठरलं होतं. आमच्या कोलोराडोत पाद्री लागत नाही, साक्षीदारही नाही. पण कागदावर साक्षीदाराचा रकाना असतो, आणि हौशी जोडपी त्यात साक्ष म्हणून कुत्र्याच्या पंजाचा ठसा घेतात. हॅटी आमच्या कुत्र्याला, टँगोला, पंजा द्यायला शिकवत होती, तेवढ्यात लाथेनं दार तोडून तिचा बाप बंदुकीसकट घुसला. बंदुकीच्या दस्त्यानं त्यानं माझा जबडा फोडला आणि टेबलावरचा लग्नाचा कागद उचलला. साक्षीदाराच्या रकान्यात टँगोचं नाव होतं. “बापाला बोलावणं नाही, आणि कुत्र्याला मान?” “टँगोनं आईवर कधी हात उगारला नाही, पप्पा,” हॅटी म्हणाली. बापानं टँगोवर गोळी झाडली. त्याच्या हातातला कागद ओढून घेत हॅटीनं टँगोचा रक्ताळलेला पंजा त्यावर दाबला. “घ्या पप्पा, ह्या ठशात तुमचीही सही आली.”