तेविसावं मूल

समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवरचं ते गाव जेमतेम चारशे वस्तीचं, आणि शाळेत मुलं बरोबर तेवीस. त्यातलं एक जरी कमी झालं, तरी सरकारी नियमानुसार शाळा बंद होणार होती. विशाखाला तिथला शुकशुकाट खायला उठायचा. हूफडॉर्प शहरात घर ठरलं, पण लेकीचं, अपूर्वाचं, नाव शाळेतून काढायचं कसं, या विचारानं आठवडाभर तिला चैन पडेना.

शेवटी ती मुख्याध्यापिकेसमोर जाऊन बसली. "आम्ही गाव सोडतोय. आमच्यामुळे शाळा बंद पडेल, माफ करा."

बाईंनी उठून दार लोटून घेतलं.

"बरं झालं, आधी तुम्ही बोललात," त्या हलकेच म्हणाल्या, "याच शाळेतली माझी दोन्ही मुलं घेऊन मीही गाव सोडून निघालेय, पण आता गाव मला बोल लावणार नाही."