खेकड्यांची फळी

भरतीचं पाणी दहा पावलांवर आलं, तेव्हा खाडीच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतून मी लाकडी फळी डोक्यावर धरून उभी होते. सहा महिने खपून तिच्यावर खेकडे कोरले होते. शाई लावून कागदावर त्यांचे ठसे उमटवून प्रदर्शनात खोलीभर खाडी उभी करायची होती. शेवटचा खेकडा जिवंत बघून कोरावा म्हणून आत शिरले होते.

“फळी पोटाखाली घे आणि सरपट,” कालवं वेचणारी बायजामावशी काठावरून ओरडली.

“कोरीवकाम खराब होईल, मावशी.”

“मग सांग खेकड्यांनाच ओढायला.”

पाणी कमरेला लागलं. मी फळीवर पालथी पडले, तेव्हाही कोरलेली बाजू वरच ठेवली. नखांनी चिखल ओरबाडत एकेक पाय सोडवला.

काठावर पोचले. मागे माझ्या जागी नुसतं पाणी होतं. घट्ट जमिनीवरही पाऊल टाकायची हिंमत होईना.