चार वाजताचं गिऱ्हाईक

"हा एक कोण?" नेत्राने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"या घडीला तुमच्या साइटवर एक माणूस आहे, नेत्राताई. मंडणगडकडचा." बचत गटाच्या बायकांना शिकवायला येणारी वेदिका मॅडम म्हणाली. सुक्या मासळीचं दुकान इंटरनेटवर टाकलं, मग कोण आलं, कुठून आलं, किती वेळ रेंगाळलं, हे कळायला नको?

पण हे गिऱ्हाईक काही निराळंच निघालं. रोज दुपारी चारला हजर. सोडे बघायचं नाही, जवळा बघायचा नाही. सरळ 'आमच्याविषयी' हे पान उघडायचं. तिथे होता फक्त नेत्राचा आणि तिच्या बारा वर्षांच्या राहीचा फोटो. त्या फोटोसमोर वीस-वीस मिनिटं ठिय्या.

"यंत्र चुकत असेल," नेत्रा म्हणाली.

"गाव थोडं इकडेतिकडे दाखवेल. पण रोज त्याच एका फोनवरून कुणीतरी साइट उघडतंय, एवढं खरं."

राही पोटात होती तेव्हा भागोजी, तिचा नवरा, मासेमारीला गेला. होडी सापडली, भागोजी नाही. बारा वर्षं तिने कपाळाचं कुंकू पुसलं नव्हतं. कुणी हसलं, कुणी कीव केली, तिने कुणाला जुमानलं नाही. आता बारा वर्षं भरली, म्हणून सासूने, सोनूबाईने, शनिवारी विधी ठरवला होता. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि भागोजी म्हणून त्याला अग्नी द्यायचा.

आणि माणूस जिवंत असला तर? जित्या नवऱ्याला आपल्या हाताने जाळायचं? तिला घास गिळवेना.

घाऊक गिऱ्हाइकांचे भाव इतरांना दिसू नयेत, म्हणून त्या पानाला परवलीचा शब्द लावायला मॅडमने शिकवलं होतं. बुधवारी नेत्राने तसंच एक नवं पान केलं. 'आमच्याविषयी'मध्ये फोटोखाली त्याची वाट ठेवली आणि दारावर प्रश्न लिहिला : राही पोटात असताना तिला काय म्हणायचात?

पोटात खेकड्यासारख्या लाथा मारते म्हणून भागोजी तिला चिंबोरी म्हणायचा. तेही नेत्राच्या कानात. तिसऱ्या माणसाला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

आत तिने लिहिलं : "शनिवारी तुमचं कार्य आहे. परत येऊ नका हवं तर. फक्त 'आहे' एवढं खाली लिहा. मी थांबवते."

गुरुवारी दुपारी ती एकटीच बसली. चार वाजले. शून्याचा एक झाला. एक 'आमच्याविषयी'वर आला, बराच वेळ थांबला. मग तो आकडा तिथून हलला आणि कुलपाच्या आतल्या पानावर दिसू लागला.

नेत्रा पडद्याच्या आणखी जवळ सरकली. दाराआड कुणीतरी श्वास रोखून उभं राहावं, तसा तो एक पडद्यावर उभा होता.

"अहो," ती पडद्याला म्हणाली. "लिहा ना."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. खालचा चौकोन कोराच राहिला. मग एकाचा शून्य झाला.

शुक्रवारी चार वाजता कुणी आलं नाही. पाच वाजताही नाही. नेत्राने लॅपटॉप मिटला, सासूला जेवायला वाढलं आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःही पोटभर जेवली.

शनिवारी मसणवटीत पुतळा निजवला. सोनूबाईने हंबरडा फोडला. नेत्रा कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली.

"पुढे दर वर्षी श्राद्धाला तिथी लागेल," भटजी म्हणाले. "माणूस कधी गेला ते माहीत नसलं की अमावास्या धरतात. तीच धरू?"

नेत्राने पदराच्या टोकाने कपाळ स्वच्छ पुसलं.

"अमावास्या नको," ती म्हणाली. "परवा गुरुवारी जी होती, ती धरा."