आईच्या खोलीतली हवा

"आकडे उलटे लिहिलेत तुम्ही," थोरली लेक तडकून म्हणाली. "बागेकडचा जास्त हवा."

हवा तपासणाऱ्याने कागद पुन्हा तिच्यासमोर धरला. चूक नव्हती. कुंपणावरच्या यंत्राला फवारणीच्या औषधाचा जेमतेम मागमूस लागला होता. आईच्या खोलीतल्या यंत्राला त्याच्या नऊपट.

थोरलीने आकडे पुन्हा वाचले. आईचा दमा वाढला तसा तिने कुंपणापलीकडच्या फळबागेशी उभा दावा मांडला होता. भांडली, अर्ज केले, खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. झुळूक आत येईल तर शपथ! आणि दुखणं मेलं घरातच ठाण मांडून बसलेलं.

"बाहेरचं औषध ऊन खातं, वारा नेतो," तो म्हणाला. "बंद खोलीत ते मुरतं. फवारणीचं काही ठेवलंय का इथे?"

"छे! फवारायचे ते बाबा. त्यांना जाऊन वर्ष झालं."

पण बोलताना तिचा आवाज पडला. या खोलीत शिरलं की तिलाही बाबा आत्ताच येऊन गेल्यासारखे वाटायचे. घसा दाटायचा, डोळे चुरचुरायचे. आठवणच ती, असं ती धरून चालली होती.

पलंगावर आई धापा टाकत बसली होती. हात मात्र उशीवर घट्ट. थोरलीने उशी ओढून घेतली. खोळीत बाबांचा फवारणीचा सदरा होता. बाहीवर पिवळे डाग, शेवटच्या दिवसापासून न धुतलेले.

"अगं आई! यावर डोकं ठेवून झोपतेस तू?"

आईने सदरा ओढून छातीशी धरला आणि ओशाळून हसली. "त्यांचा वास आहे गं त्याला."

थोरलीला रडू फुटलं. राग तरी कुणावर काढायचा? पट्ट्या तिनेच लावल्या होत्या. "हा बाबांचा वास नाही, आई. विषाचा आहे. यानेच तुझा जीव चाललाय. दे तो इकडे."

आईने सदरा आणखी घट्ट धरला.

"चाळीस वर्षं याच वासाने ते घरी आले, बाई. तुला त्यांचा दुसरा एखादा वास आठवतो का? एकच सांग. आत्ता देते सदरा."

थोरलीने डोळे मिटून घेतले. खूप आठवून पाहिलं, पण एकही आठवेना.