चौथं पान

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी, सायखेड्याच्या मळ्यात वड्यांचा घाणा कढईत पडलेला असताना, नाशिक रोडच्या लॅबमधला किशोर मोटारसायकलवरून अंगणात उतरला. त्यानं खुर्ची मागून घेतली आणि सुया-नळ्यांचा डबा उघडला. ओसरीवर पितरांसाठी केळीची तीन पानं मांडलेली होती. एक रूपालीच्या सासऱ्यांचं, एक चुलतसासऱ्यांचं आणि एक तिच्या नवऱ्याचं, धनराजचं. तिघांपैकी एकानंही पंचेचाळिशी पाहिली नव्हती. तिघंही छातीला हात लावून गेले होते.

किशोरला रूपालीनंच बोलावलं होतं, आणि दिवसही तिनंच ठरवला होता. कावळा शिवेपर्यंत या घरात कोणी घास तोंडात घालत नाही, आणि या तपासणीला माणूस उपाशी लागतो. शिवाय बांधाचं भांडण सोडलं तर हे भाऊबंद एरवी एकत्र येतात कशाला? बाईनं बरोबर डाव साधला होता.

झारा हातात घेऊनच तिच्या सासूबाई, भागीबाई, बाहेर आल्या.

"पित्तरं जेवायच्या आधी घरात रक्त काढायचं? काय सुचतंय का तुला?"

"आई, त्यांच्यापायीच काढायचंय," रूपाली म्हणाली. "डॉक्टर म्हणले, हे खाण्यापिण्याचं नाय, जन्मापासूनचं हे. बापाकडून लेकराला येतं. रक्तात कोलेस्टेरॉल साचत जातं, वरून काय दिसत नाय. माझ्या वेदिकाला निघालं ना? नऊ वर्षांची पोर. पण आत्ताच कळलं, आता औषध, तेलातुपाचं पथ्य करता येतं. वेळेवर इलाज झाला तर माणूस म्हातारा होतो. आपल्या घरात म्हातारा झालेला एक तरी पुरुष दाखवा मला."

कोणाला दाखवणार? मग थोरला चुलत दीर कुरकुरत खुर्चीवर बसला आणि त्याच्यामागून बाकीचे.

राहिला तिचा सख्खा दीर, दीपक. छत्तीस वर्षांचा गडी, ओसरीच्या खांबाला टेकून मजा बघत होता.

"मला कशाला, वहिनी? रोज मळ्यात राबतो मी. पोट बघा माझं. विडी नाय, दारू नाय."

"तुमच्या भावाला कुठं होती?"

"त्याचं येगळं होतं."

"काय येगळं होतं, दीपकभाऊ?"

त्यानं खांब काही सोडला नाही. किशोरनं घड्याळ पाहिलं आणि डबा आवरायला घेतला. रूपालीला काळजी होती ती नेमकी दीपकचीच. तीच चण, तीच चाल, हसणंसुद्धा तसंच. हा पाठमोरा दिसला की अजूनही तिला क्षणभर धनराजच वाटायचा. आज हा निसटला तर पुन्हा सापडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती आत गेली. केळीचं आणखी एक पान धुऊन, पुसून घेऊन आली आणि धनराजच्या पानाशेजारी मांडलं.

दीपक खांबापासून बाजूला झाला.

"हे कोणाचं?"

"तुम्हीच सांगा," रूपाली म्हणाली. पान तिनं उचललं नाही.

भागीबाई त्या पानाजवळ आल्या. आता सुनेच्या तोंडात बसते, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी झारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि शाळा चुकवणाऱ्या पोराचं धरावं तसं दीपकचं मनगट धरलं.

"बस खाली. नवऱ्याचं पान वाढलं, लेकाचं वाढलं. आता माझ्याच्यानं नाय व्हायचं."

दीपक बसला. बाही वर केली आणि तोंड फिरवून शेताकडे बघत राहिला. नळी भरली. किशोरनं तिच्यावर नाव लिहिलं, ती बाकीच्या नळ्यांशेजारी ठेवली आणि डबा बंद केला.

कावळा अजून आला नव्हता. तरी भागीबाईंनी पितरांच्या ओळीतलं चौथं पान उचललं आणि दीपकपुढे आणून मांडलं.

"आई, पित्तरं जेवायचीत अजून," तो म्हणाला.

"थांबतील. तू जेव."

त्यांनी भात वाढला, आमटी वाढली, गवारीची भाजी वाढली. टोपलीतला तेलानं निथळणारा गरम वडा उचलला आणि त्यांचा हात पानावरच थबकला. मग त्या वळल्या आणि तो वडा धनराजच्या पानावर नेऊन ठेवला.

"ह्याला लय आवडायचा," त्या म्हणाल्या. "आता खाऊ दे. आता ह्याला काय नाय व्हायचं."