फायरवॉलमधली फट

रत्नागिरीच्या त्या छोट्या सर्वेक्षण ऑफिसात आता अहवाल कुणी लिहीत नसे. पाहणी करून आलेला माणूस आपली आठवणच ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवी आणि बाकीचे कानामागच्या चकतीतून ती अनुभवत. खासगी विचार मात्र फायरवॉल अडवत असे.

तनुजा खारकर नकाशा काढण्यासाठी सहकारी श्रीधर बेंद्रे यांची नदीपाहणीची आठवण उघडून बसली होती. पुलाची उंची, पाण्याचा वेग, काठावरची माती, सगळं नीट दिसलं. मग बेंद्रे कठड्याशी थांबले, खाली बघत राहिले, आणि ते आता पाणी मोजत नाहीत हे तनुजाला कळलं. आपण गेलो तर कुणाचंच अडणार नाही, हा त्यांचा विचार तिला स्वतःचाच असल्यासारखा जाणवला.

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली.

"बेंद्रे, तुमची पुलावरची आठवण पाहिली मी. सगळी."

त्यांचा चेहरा उतरला. "फायरवॉलने अडवलं नाही?"

"नाही."

"मला हे कुणाला सांगताच येत नव्हतं," ते म्हणाले.

"आता सांगावं लागणार नाही. चला, डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

बेंद्रेंनी चष्मा पुसला आणि ते उठले. निघण्यापूर्वी तनुजाने, आणखी कुणी पाहू नये म्हणून, त्या आठवणीची फाइल नेटवर्कवरून काढून टाकली. त्यामुळे नदीची पाहणी पुन्हा करावी लागली. त्या वेळी दोघं मिळून गेली.