कंपनीची प्लेट

माणसाची खरी पारख त्याच्या डाव्या पायावरून होते. हे वचन कुठल्याही पोथीत सापडणार नाही. ते दौलतसिंह जगदाळ्यांचं होतं, आणि माधवगंजातून निघालेला ट्रक बाड्याच्या चौकाअलीकडे एका वरातीमागे अडकला तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा उच्चारलं. ऐकायला केबिनमध्ये फक्त उषाताई होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यामुळे त्यांना ते पाठ होतं. त्या छातीवर तळहात दाबून बसल्या होत्या.

"ॲसिडिटीच असणार," दौलतसिंह म्हणाले.

"असेल," उषाताई म्हणाल्या.

दुपारपासून ओवा झाला, लिंबू झालं, गार दूध झालं. संध्याकाळी घामानं पदर भिजला तेव्हा शेजारच्या सुनंदाबाई रिक्षा बघायला धावल्या. पण लग्नसराईत ग्वाल्हेरच्या सगळ्या रिक्षा वऱ्हाडी असतात. दारात दौलतसिंह चालवत तो शेठजींचा टाइल्स वाहायचा ट्रक रिकामा उभा होता. हॉस्पिटल अडीच किलोमीटरवर.

या ट्रकची पडाव भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांत ख्याती होती. दोन लाख दहा हजार किलोमीटर, आणि क्लच प्लेट अजून कंपनीतून आली तीच. इतरांची ऐंशी हजारांत राख व्हायची. लोक गुपित विचारत, आणि दौलतसिंह चहा गार होईपर्यंत सांगत. थांबलं की न्यूट्रल, आणि पाय पेडलवरून खाली. पुढचा हातभर सरकला म्हणून आपण सरकायचं नाही. ट्रकभर जागा होऊ द्यायची, मग पहिल्या गिअरमध्ये, एकदाच, अलगद. अर्ध्या क्लचवर गाडी रांगवणाऱ्याला ते माणसात मोजत नसत. पणजोबा शिंदे सरकारच्या घोडदळात होते, त्यांनी म्हणे जन्मात घोड्याला टाच मारली नाही. मागच्या वर्षी धाकट्या मुलीच्या, निधीच्या लग्नासाठी दौलतसिंहांनी अकरा दिवस सुट्टी घेतली. परत आले तर पेडल लोण्यासारखं मऊ. "बघा," त्यांनी पडावात सगळ्यांना सांगितलं, "आराम मिळाला की यंत्रसुद्धा तरुण होतं."

वरात थोडी पुढे सरकली. दौलतसिंह थांबले. जागा होऊ लागली तशी तिच्यात एक स्कूटर शिरली, मग ई-रिक्षा, मग केळ्यांचा हातठेला. दौलतसिंह पुन्हा जागा होण्याची वाट बघू लागले. ती झाली आणि तिच्यात एक टेम्पो मावला.

"ओ चाचा, सो गए क्या? बढ़ाओ ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"याची प्लेट दिवाळीपर्यंत टिकत नाही," दौलतसिंह आरशात बघून म्हणाले.

उषाताईंनी डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं. बाहेर नवरदेवाची घोडी मान खाली घालून उभी होती आणि तिच्यापुढे मामेमंडळी जमिनीवर लोळून नाचत होती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज जाऊ द्या ना तो क्लच."

"अगं, पंधरा मिनिटांसाठी इतक्या वर्षांचं घालवू?"

"तसाही तो..."

उषाताई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान ताठ करून, डावा पाय पेडलपासून वीतभर दूर ठेवून, पुढची जागा न्याहाळत होता.

"तसाही काय?"

"काही नाही. तुमच्या पद्धतीनं चालवा."

त्यांनी पद्धतीनंच चालवलं. अडीच किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. हॉस्पिटलच्या फाटकाशी ट्रक थांबला, न्यूट्रल झाला, पाय खाली आला. उषाताई उतरल्या नाहीत.

"थोडं आधी आणायला हवं होतं," तिथला तरुण डॉक्टर म्हणाला.

"ट्रॅफिक होता," दौलतसिंह म्हणाले. डॉक्टरनं मान हलवली. गावात हे कारण सगळ्यांना पटतं.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रक पडावात उमाजी मेकॅनिकच्या दारात लावला. उमाजी लांबचा भाऊबंद, तेरा दिवस रोज घरी येऊन बसलेला. दौलतसिंहांचं मुंडण अजून नवं होतं.

"प्लेट काढ," ते म्हणाले.

"कशाला, दादा? मस्त चाललीय की."

"काढ आणि नाल्यात टाक. मला ती गाडीत नको. तिच्यापायी मी टेम्पोंना वाट दिली, ठेल्यांना दिली. तुझी वहिनी बाजूला बसून..." त्यांनी बोनेटवर थाप मारली. "कंपनीची प्लेट! काढ म्हणतो ना."

उमाजीनं पाना उचलला नाही. त्यानं फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"दादा, ही ती नव्हेच," तो म्हणाला. "निधीच्या लग्नात तुम्ही सुट्टीवर होता ना, तेव्हा बदलीच्या ड्रायव्हरनं दुसऱ्याच दिवशी बाड्याच्या गर्दीत जाळली. धूर निघाला पार. शेठजी म्हणाले, गुपचूप नवी टाक. मी तुम्हाला सांगणारच होतो. मांडवात वहिनी भेटल्या, त्यांना आधी बोललो."

"मग?"

"म्हणाल्या, भाऊजी, त्यांना नका सांगू. चार माणसांत सांगायला त्यांच्याजवळ तेवढंच आहे."

रस्त्यावर एक ट्रक अर्ध्या क्लचवर रांगत गेला. जळका वास आला. दौलतसिंहांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

त्यांनी विचारलं, "ही किती चालली?"

उमाजी केबिनमध्ये चढला, मीटर बघून उतरला.

"सत्तावीस हजार."

तेवढी कुणाचीही चालते.